ट्रेलर कुठे जातो?

माझ्याकडे सात ऑप्टिमस प्राइम आहेत. घरी मी पाच सांगितलेत. उरलेले दोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये खोक्यांतच आहेत आणि त्यांतला एक तर मी अजून उघडलेलाही नाही. माझं वय सत्तेचाळीस.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑप्टिमस प्राइम हा लाल-निळा ट्रक आहे. त्याचे भाग ठरावीक क्रमाने फिरवले की ट्रकचा यंत्रमानव होतो, उलट क्रमाने फिरवले की यंत्रमानवाचा ट्रक. 'ट्रान्सफॉर्मर्स' या खेळण्यांच्या मोठ्या खटल्यातला तो कर्ता पुरुष. २००७पासून आलेल्या मायकेल बेच्या सिनेमांमुळे हे नाव आपल्याकडेही घरोघरी पोचलं. त्या सिनेमांबद्दल मी इथे बोलणार नाही. बोलायला लागलो तर थांबणार नाही.

लहानपणी या खेळण्याशी खेळलो म्हणून मोठेपणी ती गोळा करतो, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. ऐकणारा हसतो, मान हलवतो, त्याच्या लहानपणच्या गोट्या किंवा आगपेट्यांच्या छापांची आठवण सांगतो आणि विषय संपतो. मला इथे त्या उत्तराचाच पंचनामा करायचा आहे, कारण ते पुरतं खरं नाही.

१९८६ साली माझा मामा मस्कतहून डोंबिवलीला आला. त्याच्या बॅगेत टँगचा डबा होता, निडोचा डबा होता, आईसाठी साडी होती आणि दादासाठी न् माझ्यासाठी मिळून एक खोकं. खोक्यावर यंत्रमानवांच्या तुंबळ युद्धाचं चित्र. मागच्या बाजूला ऑप्टिमसची माहिती आणि एक आलेख, जो नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नसे. सोबतची लाल प्लॅस्टिकची पट्टी वर धरली की त्याची ताकद किती, बुद्धी किती, वेग किती, ते दिसे. माहितीत स्वातंत्र्याविषयी एक वाक्य होतं आणि त्यात 'सेंटियंट' असा शब्द. बाबांनाही तो आला नाही. डिक्शनरी काढावी लागली. ज्याला जाणीव आहे तो, असा अर्थ निघाला. मग दादाने विचारलं, ट्रकला जाणीव असते का? बाबा म्हणाले, झोपा आता.

मी आठ वर्षांचा, दादा अकरा. भांडण नको म्हणून आईने वाटणी केली: ट्रक माझा, ट्रेलर दादाचा. आईला वाटलं तिने मला झुकतं माप दिलं. मलाही तसंच वाटलं. पण त्या खेळण्याचा ट्रेलर ही साधी पेटी नव्हती. तो उघडला की आत दुरुस्तीचा तळ निघे, त्यात हलता यांत्रिक हात असलेलं एक यंत्र आणि 'रोलर' नावाची छोटी गाडी. दादाने त्याचं गॅरेज केलं. मी ऑप्टिमसला गादीवर, खिडकीच्या गजांवर, गव्हाच्या डब्यावर लढवायचो आणि मग तो गॅरेजला लागायचा. दादा तपासणी करून रोजच्या फाडायच्या कॅलेंडरच्या पानामागे बिल लिहून द्यायचा. यंत्रमानवाच्या मुठी सुट्या असतात. ट्रक करताना त्या काढून ठेवाव्या लागतात, आणि काढून ठेवलेली वस्तू आमच्या घरात कधी सापडली नाही. पहिली मूठ दोन महिन्यांत गेली, दुसरी दिवाळीच्या साफसफाईत. दादाने खोडरबर कापून नव्या मुठी बसवल्या. बिल झालं आठ रुपये. ते मी अजून दिलेलं नाही.

या सगळ्या काळात आम्ही ट्रान्सफॉर्मर्सची चित्रमालिका पाहिलेली नव्हती. तो कोण, कुठल्या ग्रहावरचा, त्याचं वैर कोणाशी, यातलं काही माहीत नव्हतं. चित्रावरून जे काढता येईल ते काढलं होतं. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

आता हे खेळणं आलं कुठून ते पाहू. जपानच्या ताकारा कंपनीची 'डायाक्लोन' ही खेळण्यांची मालिका १९८०मध्ये सुरू झाली. त्यात हा ट्रक १९८३ साली 'बॅटल कॉन्व्हॉय' नावाने आला. जपानात मूळ मालिकेतल्या ऑप्टिमसचं नाव कॉन्व्हॉयच. डायाक्लोनमधली ही यंत्रं जिवंत नव्हती. ती माणसं चालवत. खेळण्यांसोबत बोटाच्या पेराएवढे चालक मिळत, त्यांच्या पायांत लोहचुंबक असे. अमेरिकेतल्या हॅस्ब्रोने ताकाराच्या या आणि 'मायक्रोमॅन' मालिकेतल्या खेळण्यांचे हक्क घेतले, चालक काढून टाकले आणि १९८४मध्ये ती 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणली. यंत्रंच जिवंत, असं ठरलं. गोष्ट रचायचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. जिम शूटरने मूळ आराखडा लिहिला, डेनिस ओ'नीलने ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं आणि बहुतेक बाकीच्यांची नावं न् स्वभाव बॉब बुडियान्स्कीने लिहून काढले. म्हणजे वस्तू आधी, बारसं नंतर, आणि कुंडली सगळ्यांत शेवटी.

चालक गेले तरी त्यांच्या जागा साच्यात राहिल्या. याचं सगळ्यांत मजेदार उदाहरण म्हणजे आयर्नहाइड आणि रॅचेट ही दोन खेळणी. त्यांना डोकंच नाही. डोकं असायला हवं तिथे व्हॅनची काच आणि काचेमागे ड्रायव्हरची सीट. हॅस्ब्रोने त्या जागी चेहऱ्याचा स्टिकर दिला. चित्रमालिकेत मात्र याच दोघांना नीट माणसासारखे चेहरे आहेत, रॅचेट तर चांगला चिडका डॉक्टर आहे. दुकानातून ते खेळणं आणलेल्या अमेरिकन मुलाच्या हातात बिनडोक्याचं यंत्र आणि टीव्हीवर बोलणारा डॉक्टर, असा प्रकार होता. तरी ते मूल खेळलं. मधलं अंतर त्याने स्वतः भरून काढलं. मला वाटतं, खेळणं म्हणजे नेमकं तेच अंतर.

ही मालिका सप्टेंबर १९८४मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेची बंधनं उठवली होती. अर्ध्या तासाचा कार्यक्रमच जाहिरात असला तरी आता कोणी विचारणारं नव्हतं. हे सांगून बरेच टीकाकार थांबतात: बघा, ही सगळी भावना विकत घेतलेली आहे. मी थांबत नाही, कारण १९८६ साली जे घडलं ते इतक्या सरळ सूत्रात बसत नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही' हा चित्रपट आला. (यातल्या युनिक्रॉन या ग्रहभक्षक राक्षसाला आवाज ऑर्सन वेल्सचा. 'सिटिझन केन' करणाऱ्या माणसाचं हे शेवटचं चित्रपटकाम. यावर हसावं की रडावं हे मला ठरवता आलेलं नाही.) हॅस्ब्रोला जुना माल काढून नवा माल लावायचा होता. म्हणून जुनी पात्रं मारली. पहिल्या काही मिनिटांतच आयर्नहाइड आणि रॅचेट गेले. आणि मग खाटेवर पडलेल्या ऑप्टिमसचा लाल-निळा रंग उतरत गेला आणि तो राखाडी झाला. कंपनीच्या लेखी हा गोदामातला एक फरक होता. चित्रपटगृहांत मुलं रडली. पालकांनी तक्रारी केल्या. ओरड एवढी झाली की त्याच कंपनीच्या जी. आय. जो चित्रपटात ड्यूक मरणार होता, तो कोमात गेला असं सांगणारा संवाद घालावा लागला. १९८७मध्ये मालिकेत ऑप्टिमसला परत आणावं लागलं.

नफ्याच्या हिशेबाने बनवलेल्या वस्तूला मुलांनी स्वतःचा जीव दिला आणि मग मालक तो जीव परत घ्यायला आला तेव्हा दिला नाही. यातलं काय विकत घेतलेलं आणि काय मुलांचं? ऑप्टिमसला आवाज देणारे पीटर कलन यांनी सांगितलं आहे की तो आवाज त्यांनी त्यांच्या थोरल्या भावावरून घेतला. भाऊ व्हिएतनाममध्ये लढून आलेला होता, आणि खऱ्या ताकदवान माणसाला आरडाओरडा करावा लागत नाही असं त्याने यांना ऑडिशनला निघताना समजावलं होतं. जाहिरातीत असा कोणाचा तरी भाऊ शिरतो आणि मग ती नुसती जाहिरात राहत नाही.

मी हा चित्रपट पाहिला तो २००४मध्ये, न्यू जर्सीत, कंपनीने पाठवलेलं असताना, भाड्याच्या खोलीत, डीव्हीडीवर. सव्वीस वर्षांचा होतो. ऑप्टिमस मेला तेव्हा मला रडू आलं नाही. मला हेवा वाटला. माझ्याच वयाचे अमेरिकन सहकारी त्या दृश्याबद्दल बोलताना घसा खाकरत होते, आणि माझ्याकडे त्या जागी काही नव्हतं. मी आठ वर्षांचा असताना माझा ऑप्टिमस गव्हाच्या डब्यावर थोट्या हातांनी उभा होता आणि चांगला ठणठणीत होता.

त्याच महिन्यात मी पहिली मोठी खरेदी केली. ताकाराने २००३मध्ये 'मास्टरपीस' नावाची मालिका सुरू केली होती, त्यातला पहिलाच ऑप्टिमस हॅस्ब्रोने अमेरिकेत विसाव्या वर्षानिमित्त विकायला आणला होता. जड, काही भाग धातूचे, गुडघे-घोटे हलणारे. मोठ्यांसाठी केलेलं खेळणं. तरी मुलांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकी आवृत्तीत धुराडी आखूड केलेली. आणि ट्रेलर नाही. मला तेव्हा ते खटकलंही नाही. ट्रेलर कंपनीने २००६च्या आवृत्तीत दिला. ती मी घेतली. मग २०११ची घेतली. मग गाडी सुटलीच. आता भारतात राहून हा नाद करणं सोपं नाही. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२०मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झाली, २०२३मध्ये सत्तर. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगेतून मागवावं लागतं. मस्कतच्या मामाची जागा आता माझ्या ऑनसाइट मित्रांनी घेतली आहे.

मास्टरपीस मालिकेचा प्रवास पाहिला की एक गोष्ट दिसते. सुरुवातीला तिला खरा ट्रक आणि खरा यंत्रमानव यांची सांगड घालायची होती. पुढे पुढे तिचं लक्ष्य बदललं. २०१९ची तिसरी आवृत्ती पाहा: तिच्यासमोरचा आदर्श ट्रक नाही, जुनं खेळणंही नाही, चित्रमालिकेतलं रेखाचित्र आहे. सपाट रंग, गुळगुळीत मांड्या, चाकं कुठेच दिसू नयेत अशी लपवलेली. ज्या रेखाचित्राने खेळण्याला सजवलं होतं, त्या रेखाचित्रासारखं खेळणं आता पस्तीस वर्षांनी घडवलंय. मुलाने जे अंतर मनाने भरलं होतं ते अभियंत्यांनी प्लॅस्टिकने भरलं. कारागिरी म्हणून थक्क व्हायला होतं. पण माझ्यासाठी आत शिरायला जागा राहिली नाही. ती ड्रायव्हरची रिकामी सीट गेली.

स्वेत्लाना बॉइमने तिच्या २००१च्या पुस्तकात स्मरणरंजनाचे दोन प्रकार केले आहेत: एक, हरवलेलं घर पुन्हा जसंच्या तसं बांधू पाहणारं, दुसरं, हरवल्याच्या जाणिवेपाशी रेंगाळणारं. मास्टरपीस अर्थातच पहिल्यातलं. मात्र माझी अडचण बॉइमच्या दोन्ही खणांत बसत नाही. मी जे घर पुन्हा बांधतोय ते माझं नव्हतंच. ओहायोतल्या कुठल्या तरी मुलाने शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसून जे पाहिलं, त्याची आठवण मी हप्त्याने विकत घेतो आहे. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं हे होतं, फक्त खेळण्यांपुरतं नाही. आपण ज्याला 'एटीजची आठवण' म्हणतो त्यातलं किती आपल्या एटीजमध्ये होतं, हे एकदा कागदावर लिहून पाहावं.

आमच्या लोकांच्या कपाटांबद्दल आणखी एक निरीक्षण. माझ्या ओळखीतल्या झाडून सगळ्या संग्राहकांची ट्रान्सफॉर्मर्स यंत्रमानवाच्या रूपात उभी असतात. ट्रक, विमान, कॅसेट प्लेअर कोणी मांडत नाही. माझीही तशीच. ज्या वस्तूचं वैशिष्ट्यच बदलणं, ती आम्ही एका रूपात थिजवून काचेआड ठेवतो. कारणंही आहेत: नव्या आवृत्त्या बदलायला अर्धा तास लागतो, छापील सूचना समोर ठेवाव्या लागतात, एखादी खुंटी मोडली तर सुटा भाग मिळत नाही. शिवाय प्लॅस्टिक म्हातारं होतं. पांढरं पिवळं पडतं. सोनेरी कणांचं एक प्लॅस्टिक तर नुसत्या हात लावण्याने भुगा होतं, संग्राहकांत त्याला 'गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम' असं रीतसर नाव आहे. तेव्हा हात न लावणं हेच प्रेम, असा आमचा समज झाला आहे.

रोलाँ बार्थने 'मायथॉलॉजीज'मध्ये (१९५७) खेळण्यांवर एक टिपण लिहिलंय, त्यात तो प्लॅस्टिकच्या खेळण्यांवर नाराज आहे. ती मुलाला निर्माता नाही, वापरणारा करून ठेवतात, लाकूड बरं. त्याच पुस्तकात प्लॅस्टिकवर वेगळं टिपण आहे, आणि तिथे तो म्हणतो की प्लॅस्टिक हा पदार्थ कमी आणि अखंड रूपांतराची कल्पना जास्त. ही दोन टिपणं एकमेकांना भेटत नाहीत. ट्रान्सफॉर्मर हे त्यांच्या भेटीचं ठिकाण होऊ शकलं असतं: मुलाच्या हातून रूप बदलणारं प्लॅस्टिक. बार्थ १९८०मध्ये गेला, डायाक्लोन आलं त्याच वर्षी. पण त्याला जे भय होतं ते २०२१मध्ये अक्षरशः अवतरलं. त्या वर्षी हॅस्ब्रो आणि रोबोसेन यांनी ६९९ डॉलरचा ऑप्टिमस काढला. त्याच्यात २७ सर्व्हो मोटर्स आहेत. आपण हुकूम द्यायचा, तो स्वतःच ट्रकचा यंत्रमानव होतो, पीटर कलनच्या आवाजात बोलतो, चालतो. मी त्याचे व्हिडिओ किती वेळा पाहिलेत ते सांगत नाही. लहानपणी कोणी दाखवला असता तर मी ताप काढला असता. आणि तरी, तो बदलत असताना माझे हात मांडीवर असतात. चाळीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी हे खेळणं हातात घेतलं जायचं, तेवढी एकच गोष्ट त्याने माझ्याकडून काढून घेतली आहे. (तो मी घेतलेला नाही. सातांत तो नाही. पैसे नाहीत, हे खरं कारण. वरचं कारण नंतर सुचलं.)

गेल्या मे महिन्यात दादा आला होता. तो आता नाशिकला असतो, पंपांच्या दुरुस्तीचा त्याचा व्यवसाय आहे. कपाटापुढे उभा राहून त्याने पाच नग पाहिले आणि म्हणाला, "ट्रेलर कुठेयत?"

मी सांगितलं, माळ्यावर. जागा खातात.

"आणि आपला?"

आपला ट्रक माझ्याकडे आहे, खालच्या कप्प्यात. परदेशातून मागवलेल्या नकली मुठी बसवलेला. ट्रेलर १९९९मध्ये घर बदलताना आईने भंगारात दिला. ती विचारायला आली होती, तेव्हा मी म्हणालो होतो, दे. हे दादाला माहीत नव्हतं. मी त्याला तेव्हा सांगितलं. तो काही बोलला नाही.

चित्रमालिकेचे चाहते एक जुना प्रश्न एकमेकांना गमतीने विचारतात. मालिकेत ऑप्टिमस रूप बदलतो तेव्हा ट्रेलर त्याच्यापासून सुटतो, घरंगळत चौकटीबाहेर जातो आणि नाहीसा होतो. मग पुन्हा ट्रक झाला की हजर. तर ट्रेलर कुठे जातो? यावर पानंच्या पानं चर्चा झाली आहे, कोणी म्हणतं दुसऱ्या मितीत जातो. मी त्या चर्चेत हिरिरीने भाग घेतलेला आहे. आमच्या घरात हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण ट्रेलर दादाकडे असायचा.

दादाला मी ऑप्टिमसचं मरण, मास्टरपीस, रोबोसेन असं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्याला लढाया आठवत नव्हत्या. हा यंत्रमानव होतो हेही अंधूकच आठवत होतं. "मला गाडी आठवते," म्हणाला, "सारखी बिघडून यायची." मग त्याने २०१९चा नग उचलला. माझ्या पोटात गोळा आला, पण म्हटलं, असू दे. सूचना दे म्हणाला तर देईन म्हणून कागद हातात धरून बसलो. त्याने मागितला नाही. पाठीचं झाकण उघडून आतले सांधे पाहिले, कोण कशावर टेकलंय ते बोटाने चाचपलं, "बरं केलंय" म्हणाला, पाय दुमडले, एक खांदा आत घेतला. दुसरा अडला. तेवढ्यात चहा आला, मग नाशिकची गाडी गाठायची होती.

जाताना दाराशी म्हणाला, "जोर लावू नकोस, पुढच्या खेपेला बघतो." तो नग अजून तसाच आहे, डावा हात यंत्रमानवाचा, उजवी बाजू ट्रकची. कपाटात उभा राहत नाही, म्हणून टेबलावर आडवा ठेवलाय.